मागच्या दारी समुद्र

केळव्याच्या ज्या घरात मी पहिली रात्र काढली, तिथून समुद्र तीनशे पावलांवर होता, आणि घराच्या एकाही खिडकीतून तो दिसत नव्हता. पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा, समोर गावचा रस्ता. मागे स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर, मग केळी-नारळांची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि त्याच्याही मागे समुद्र. घर गरिबाघरचं नव्हतं. दुमजली, गुळगुळीत फरशीचं, दारात चारचाकी. मी घरच्या काकूंना विचारलं, वर पश्चिमेला एखादी गॅलरी का काढली नाहीत? काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “समुद्राकडे तोंड करून काय बघायचं? तो कुठे जातोय?”

मुंबईत समुद्राचा एक तुकडा खिडकीतून दिसला तरी त्या घराचा भाव वेगळा होतो. तिथून लोकलने दोन-अडीच तासांवर, ज्यांच्या परसात अख्खा अरबी समुद्र आहे अशी खाऊनपिऊन सुखी माणसं त्याच्याकडे पाठ करून बसलेली. ही एका घराची तऱ्हा असेल असं वाटलं. पण पुढचे चार दिवस केळव्यापासून वाढवणपर्यंत किनाऱ्याने वर सरकताना मी घरंच मोजत गेलो. माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी. जुन्या घरांची तोंडं बहुतेक रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेला. समुद्र मागच्या दारी.

साधी कारणं काकूंनीच दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितली. खारं वारं लोखंड खातं. खिडक्यांचे गज, गॅसची शेगडी, पंख्याचं पातं, मोटारीची खालची बाजू, सगळ्यांचं आयुष्य इथे निम्मं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा आणतो. पश्चिमेची भिंत चार महिने ओली राहते, तिला झावळ्यांचा नाहीतर आता पत्र्याचा आडोसा करावा लागतो. “गॅलरी काढली तर तिला वर्षातले चार महिने झाकूनच ठेवायची ना?” आणि ओहोटीला बघण्यासारखं उरतंच काय, असाही त्यांचा प्रश्न. तो मी सकाळी अनुभवला होता. या पट्ट्यात मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरांवर जातो आणि किनारा अगदी उथळ उताराचा आहे. त्यामुळे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र पाहायला आलेला माणूस काळपट ओल्या वाळूकडे पाहत उभा राहतो.

केळव्याची खरी श्रीमंती समुद्र आणि रस्ता यांच्या मधल्या त्या पट्टीत आहे. वाळूखाली गोड्या पाण्याचा थर असतो, खाऱ्या पाण्यावर तरंगत असल्यासारखा. विहीर खोल खणायची नाही, पाणी जपून उपसायचं, ही इथली पिढीजात शिस्त. त्या पाण्यावर केळी, नारळ, सुपारी, भाजीपाला आणि पानवेल. केळवे-माहीमची पानं हा एके काळी मोठा व्यापार होता. वाडीतल्या काकांनी मला वेल दाखवला. आधाराला चढवलेला, सावलीत, इतका निगुतीने बांधलेला की वाटावं लहान मुलाची वेणी घातली आहे. पान खुडताना ते दोन बोटांच्या नखांनी देठ तोडत होते आणि पान तळहातावर पालथं ठेवत होते. “उन्हाचा चटका लागला की डाग पडतो, आणि डाग पडला की ते पान बाजारातून गेलं,” असं म्हणून त्यांनी एक डागाळलेलं पान माझ्या हातात दिलं. खायला, विकायला नव्हे. आता मोटर लावून जास्त उपसा झाला की विहीर मचूळ होते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर माघारी येत नाही, असंही ते म्हणाले. मला दिसलेली सुबत्ता अशा वीतभर जाडीच्या गोड्या पाण्यावर उभी होती.

केळव्याला लागूनच माहीम. मुंबईतल्या माहीमशी गल्लत नको, म्हणून जोडीनेच ‘केळवे-माहीम’ म्हणतात. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तली महिकावती म्हणजे हे माहीम. बखरीचा एक भाग केशवाचार्यांनी १४४८ मध्ये लिहिला. बिंबराजाबरोबर कोणती कुळं या किनाऱ्यावर आली, कोणी कुठे वस्ती केली, राज्य कसं गेलं, हे त्यात आहे. आजही इथे वाडवळ, भंडारी, माळी, मांगेला, वैती अशा समाजांतली माणसं आपल्या गावाची गोष्ट सांगताना त्या बिंबापासून सुरुवात करतात. पुढे सोळाव्या शतकापासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज. त्यांचे लहान-मोठे कोट केळव्यापासून डहाणूपर्यंत जागोजाग आहेत. केळव्याचा एक तर पाण्यातच, ओहोटीला चालत जाण्यासारखा. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे किंवा खाडीच्या मुखाकडे. म्हणजे घरं समुद्राकडे पाठ करून असली तरी त्या काळी गावाचा पुढचा दरवाजा समुद्रच होता. माल तिकडून येई, माणूस तिकडून येई, शत्रूही तिकडूनच.

मग गाव वळलं कधी? उत्तर रेल्वे स्थानकाच्या पाटीवर मिळालं. स्थानकाचं नाव ‘केळवे’ नाही, ‘केळवे रोड’ आहे. तसंच पुढे ‘डहाणू रोड’. १८६४ मध्ये मुंबई आणि गुजरात रेल्वेने जोडले गेले, तेव्हा लोहमार्ग खाड्यांची मुखं टाळत किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतून गेला. जुनी नांदती गावं पश्चिमेला राहिली आणि त्यांच्या नावांची स्थानकं ‘रोड’ लावून पूर्वेला उभी राहिली. त्या दिवसापासून पान, केळी, मासळी सगळं पूर्वेकडे निघालं. तालुक्याचं ठाणं पूर्वी माहीमला होतं, ते पालघरला गेलं. पालघर तेव्हा सांगण्याजोगं गावही नव्हतं. रूळ जवळ आले आणि ते मोठं झालं.

माहीमहून पालघरला जाताना मी तोच पूर्वेकडचा रस्ता धरला. शहराच्या मध्यावर पाचबत्तीला हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला आसपासच्या गावांतून लोक कचेरीवर तिरंगा लावायला चालत आले, गोळीबार झाला आणि पाच जण पडले. सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा समुद्राकाठच्या गावांतली मुलं त्यांत होती. तिथे उभा राहिल्यावर मला तो मोर्चा नकाशावर दिसला: किनाऱ्याकडून पूर्वेकडे, होडी आणि वाडी सोडून, कचेरीच्या दिशेने. सत्ता कुठल्या बाजूला जाऊन बसली आहे हे त्या मुलांना ठाऊक होतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. नवं जिल्हा मुख्यालय सिडकोने बोईसर रस्त्यावर कोळगावला बांधलं आहे. लांबरुंद, घुमटाचं, मोकळ्या माळावर. समुद्र तिथूनही दिसत नाही.

सातपाटीला पोचलो तो वासाने. बोंबील वाळत होते. बांबूंच्या आडव्या दोऱ्यांवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, पांढऱ्या झिरमिळ्यांसारखे. त्यामागे तीन मजली घरं, टाइल लावलेली, काहींना काचेची तावदानं, गल्ल्या मात्र इतक्या अरुंद की समोरासमोरून दोन दुचाकी आल्या तर एकीला ओट्यावर चढावं लागतं. समुद्रकाठचं श्रीमंत गाव म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्रातलं इथे काहीच नाही. वाळूवर खुर्च्या नाहीत, छत्र्या नाहीत. वाळू म्हणजे कारखान्याचं आवार. तिथे जाळी विणली जातात, होड्यांना रंग लागतो, इंजिनं उघडली जातात, मासळी सुकते. कारखान्याच्या आवाराकडे तोंड करून कोण दिवाणखाना बांधेल?

सातपाटीचं नाव पापलेटवर आहे. गावात मच्छीमारांच्या दोन मोठ्या सहकारी संस्था आहेत. बर्फ, डिझेल, कर्ज, मासळीची खरेदी हे सगळं बहुतांशी त्यांच्यामार्फत. हंगामाआधी पापलेटचे प्रतवारीप्रमाणे भाव व्यापाऱ्यांशी बोलून ठरतात, मग किनाऱ्यावर उतरलेला मासा वजनानुसार वेगळा होतो. मी पाहत होतो तेव्हा एक बाई मासे वेगळे करत होत्या. काट्याला हातच लावत नव्हत्या. मासा उचलायचा, मनगटाला किंचित झोका द्यायचा आणि बरोबर त्या ढिगात टाकायचा. मी कौतुकाने बोललो तर म्हणाल्या, “दादा, पन्नास वर्षं हेच करतेय. चुकले तर संस्थेचा काटा आहेच की.” मोठं पापलेट, ज्याला सरगा म्हणतात, ते सगळ्यांत वरच्या ढिगात. त्या ढिगातलं गावात काय राहतं, असं विचारल्यावर आसपासच्या सगळ्याच हसल्या. पापलेट विकायचं असतं. घरी मांदेली, बोंबील, करंदी. गावाच्या वैभवाचा मासा गावाच्या ताटात सणासुदीलाच येतो.

या घरांत पैशाचा हिशोब बायकांकडे असतो, हे सातपाटीत पाहुण्यालाही कळतं. समुद्रात जातो तो पुरुष. किनाऱ्यावर बोटीचं नाक लागलं की मासा बायकांचा. विक्री, उधारी, खलाशांची उचल, मुलीच्या लग्नाचं सोनं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. खलाशी मात्र आता गावचे कमीच. डहाणू, तलासरी, जव्हारकडचे आदिवासी तरुण हंगामावर येतात. तिकडचेच पुष्कळ जण गुजरातच्या बोटींवरही जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा ते आपल्या पाड्यावर भात लावायला जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला परततात. एका बोटीवर सागर आणि सह्याद्रीचा पायथा असे दोन प्रदेश एकत्र काम करतात. श्रीमंती त्यातल्या एकाच्याच वाट्याला आली.

तीही आता पातळ होते आहे. पापलेट कमी झालं, हे गावात कोणीही सांगतो. बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लं सापडतात आणि ती मोठी होण्याआधीच विकली जातात. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची साडेतेरा सेंटिमीटर. मान मिळाला तो मासा विरळ झाल्यावर, असं एका तांडेलाने मिश्कीलपणे ऐकवलं. पण समुद्र अजून लॉटरीही काढतो. सातपाटीसमोर खाडीपलीकडे मुरबे दिसतं. तिथल्या एका बोटीला २०२१ मध्ये एका खेपेत १५७ घोळ मिळाल्या आणि त्या सुमारे १ कोटी ३३ लाखांना गेल्या. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, बोताला, परदेशात औषधांसाठी नि महागड्या जेवणासाठी मागणी आहे. भाव माशापेक्षा बोताचा. ही गोष्ट मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली, आणि तिघांनीही सांगताना खाडीपलीकडे बोट केलं.

संध्याकाळी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर गेलो. काही ठिकाणी दगड सुटे होऊन खाली ढासळले होते. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणात पाणी बंधारा ओलांडून घरांत शिरतं. शिरगाव, केळवे इकडेही सुरूची झाडं मुळं उघडी टाकून वाळूवर आडवी पडलेली मी पाहिली होती. केळव्याच्या काकूंचा समुद्र कुठे जात नाही. सातपाटीचा मात्र घराकडे येतो. बंधाऱ्याला लागून असलेल्या ओळीतली घरं मला त्यातल्या त्यात साधी दिसली. गावातली मोठी घरं आत, मंदिराच्या आणि बाजाराच्या बाजूला. जगातल्या दुसऱ्या श्रीमंत किनाऱ्यांचं गणित इथे नेमकं उलटं आहे. समुद्राच्या जवळ जावं तशी किंमत उतरते.

तिकडचं गणितही काही सनातन नाही. इंग्लंडमधलं ब्रायटन मुळात कोळ्यांचंच गाव. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर समुद्रस्नान औषध म्हणून सांगू लागले, मग धनिक आले, मग राजपुत्र आला, आणि पाण्याकडे तोंड केलेल्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. समुद्र बघायची वस्तू झाला तो त्याच्यावर पोट नसलेल्या माणसांमुळे. आपल्याकडे ते मुंबईत झालं, अलिबागला झालं. पालघरच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी केळव्याला गर्दी होते, घोडागाड्या फिरतात, ताडगोळे विकले जातात. पण सोमवारी सकाळी समुद्र पुन्हा मागच्या दारी गेलेला असतो.

सातपाटीच्या उत्तरेला खाडी आडवी येते, म्हणून मी आतून बोईसरला गेलो. इथे किनाऱ्याची दुसरी श्रीमंती भेटते, पगाराची. २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. २००५ आणि २००६ मध्ये तिथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. अणुभट्टीला समुद्र लागतो तो थंडाव्यासाठी. पाणी आत घ्यायचं, गरम झालेलं बाहेर सोडायचं. मासेमाराचा समुद्र, वाडीवाल्याचा समुद्र, तसा हा अभियंत्यांचा समुद्र. आणि वसाहत? तीही किनाऱ्यावर नाही, बोईसरच्या बाजूला. सावलीचे रुंद रस्ते, शाळा, मैदानं, देशभरातल्या भाषा. या वसाहतीने आणि शेजारच्या औद्योगिक वसाहतीने आसपासच्या गावांतल्या दोन पिढ्यांना महिन्याच्या एक तारखेची सवय लावली. वाडीतल्या उत्पन्नाला जे बांधणं जमलं नसतं, ते दुमजली घर नोकरीने बांधलं.

तारापूर औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची, वस्तीने बोईसरची. रसायनं, औषधं, कापड, पोलाद. संध्याकाळी पाळी सुटली की रस्त्यावर भोजपुरी, ओडिया, हिंदी, मराठी एकदम ऐकू येते. हवेत एक आंबूस वास असतो. बोईसरकरांना तो आता येत नाही, पाहुण्यालाच येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पर्यावरण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वर, म्हणजे सर्वांत वाईट, होतं. वसाहतीचं सांडपाणी प्रक्रियेनंतर वाहिनीने नवापूरजवळ समुद्रात जातं. नवापूरच्या किनाऱ्यावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी समुद्राकडे पाठ करून बांधलेल्या घरांबद्दलचं माझं निरीक्षण मोठ्या हौसेने सांगितलं. ते म्हणाले, “मागच्या दारी माणूस काय करतो? सांडपाणी सोडतो.” त्यावर मला बोलता आलं नाही.

तारापूर गाव या सगळ्या गजबजाटापासून दूर, झोपाळू आहे. जगाच्या नकाशावर नाव पोचलेलं आणि दुपारी दोनला गल्लीत चिटपाखरू नाही. किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो घेतला तेव्हा बाजी भीवराव रेठरेकर इथे पडले. मे महिन्यात वसई आली. किल्ला पुढे विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या घराण्याकडे गेला आणि आजही खाजगी मालकीचा आहे. तटाच्या आत वाडी आहे. बुरुजावर तोफेऐवजी नारळाची सावली! विकाजी आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले बडे सावकार. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पोचवण्याचा उद्योग त्यांनी केला, निजामाच्या राज्यात पेढ्या काढल्या. औरंगाबादच्या टाकसाळीत पडलेली ‘पेस्तनशाही’ नाणी ही त्या पेस्तनजींच्या नावाची. एवढ्याशा गावातल्या माणसाच्या नावावर नाणं चाललं. उंच जोती, कोरीव खांब, बंद दारं असलेली जुनी पारशी घरं आजही त्या पैशाची साक्ष देत उभी आहेत. तीही रस्त्याकडे तोंड करून.

खाडीला लागून पुढचं गाव चिंचणी. इथे एक शेतकरी जमीन नांगरत असताना १९५५ मध्ये ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावरून कळतं की संजाण भागाचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. त्याने दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली होती आणि एक अन्नछत्र चालवलं होतं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. देवीच्या मठाच्या दानालाही त्याची संमती आहे. हे वाचलेलं होतंच, पण चिंचणीच्या त्या मातीवर उभं राहून आठवताना वेगळं वाटलं. समुद्र पुढच्या दारी असताना दारातून आलेला परका माणूस कारभारी होऊ शकत होता, आणि त्याची मोठेपणाची कल्पना लोकांना पैलतीरी नेणं आणि जेवू घालणं ही होती.

चिंचणीत मला सगळ्यांत मोठं आश्चर्य समुद्राने नाही, एका ओट्यावरच्या टेबलाने दिलं. पस्तिशीचा एक तरुण दिव्याखाली वाकून पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी चालवत होता. डोळ्याला भिंग. ठोकळा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, त्यावर मोर. हा डायमेकर. सोन्याचा पातळ पत्रा या ठशात दाबला की दागिन्याचा नक्षीदार भाग उठून येतो. चिंचणी, वरोर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात घराघरांत हा धंदा आहे. इथले ठसे मुंबईच्या सराफ बाजारापर्यंत जातात. “जे वर यायला हवं ते खाली कोरायचं, उजवीकडचं डावीकडे,” तो सांगत होता. “मनात दागिना असतो, हातात त्याचा खड्डा.” मोराच्या एका पिसासाठी त्याने वीस-पंचवीस टिचक्या मारल्या असतील, प्रत्येक टिचकीनंतर फुंकर, भिंग, पुन्हा टिचकी. आता संगणकावर आराखडा करून यंत्राने ठसा कोरता येतो, त्यामुळे काम घटलं आहे. समुद्रकाठच्या गावात, समुद्राशी काडीचाही संबंध नसलेला, पोलादाचा एवढा नाजूक उद्योग वाढला, आणि कोणाच्या तरी लग्नातलं मंगळसूत्र या ओट्यावरच्या खड्ड्यातून जन्माला आलं. या किनाऱ्यावर राहणाऱ्यांची सुबत्ता अशी चार-पाच बारीक धाग्यांची आहे: थोडी वाडी, थोडी मासळी, एक नोकरी, एक ठसा. एखादा धागा तुटला तरी घर चालतं. सगळे एकदम तुटू नयेत एवढंच लोक बघतात.

ती काळजी चिंचणीहून उत्तरेला गेल्यावर भिंतींवर लिहिलेली दिसते. वरोर ओलांडून वाढवण येतं. इथे समुद्रात भराव घालून देशातलं एक सर्वांत मोठं बंदर होणार आहे. खोल पाणी किनाऱ्याजवळ आहे, सुमारे वीस मीटर, म्हणून ही जागा. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये त्याच्यासाठी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं आणि १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने इथलं बंदर नाकारलं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर जमीन तयार व्हायची आहे, नऊ कंटेनर टर्मिनल बांधायची आहेत. मासेमार, बागायतदार, डायमेकर यांचा विरोध जुना आहे. काळे झेंडे, बंद, किनाऱ्यावर हातात हात धरून केलेल्या मानवी साखळ्या. दुसरीकडे, नोकऱ्या येतील, जमिनीला भाव येईल, असं म्हणणारेही गावोगाव आहेत, कधी कधी एकाच घरात.

मला त्यात एक वळण पुरं झाल्यासारखं दिसलं. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याचा पुढचा दरवाजा समुद्र होता. १८६४ मध्ये तो रुळांकडे वळला, १९६९ नंतर बोईसरकडे. आता तो पुन्हा समुद्राकडे वळतो आहे. फरक एवढाच की या वेळी त्या दारातून जा-ये कंटेनरची आहे, आणि दाराची किल्ली गावाकडे नाही.

परतीच्या वाटेवर, वरोरच्या अलीकडे, मला माझ्या मोजणीतलं पहिलं पश्चिमाभिमुख घर दिसलं. नवं, तिमजली, वरच्या मजल्याला समुद्राकडे लांबलचक गॅलरी, स्टीलचा कठडा. मी रस्त्यावरून बघतोय हे पाहून मालकांनी वर बोलावलं. अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलगा पुण्याला, गॅलरीचा हट्ट त्याचा. म्हणे, आता अशाच घराला भाव आहे बाबा. ओहोटी होती. लांबवर दोन-तीन बायका चिखलात वाकून काहीतरी वेचत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे पाण्याची एक करडी रेघ होती. गृहस्थांनी हाताने दिशा दाखवली. बंदर झालं की तिथे दिवे दिसतील, रात्रभर. बरं वाटेल की वाईट, ते बोलले नाहीत. मलाही विचारवेना.

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या, पण त्यांवर कोणी बसत असेल असं वाटेना. त्यांच्या पाठीला टोकापासून टोकापर्यंत दोरी बांधली होती आणि दोरीवर या घरच्या काकूंनी बोंबील वाळत घातले होते. “वारा इथे चांगला लागतो,” त्या म्हणाल्या आणि आम्हाला चहा प्यायला खाली, पुढच्या ओट्यावर घेऊन गेल्या.